नावाआधीची जागा

लग्नपत्रिकेत नवरीच्या आईच्या नावाआधी काय लिहायचं, हा प्रश्न छापखान्यात नोकरीला लागेपर्यंत मला कधी पडला नव्हता. घरी येणाऱ्या पत्रिकेत मी तारीख, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता एवढंच बघायची. बी.कॉम. झाले, मराठी टायपिंग येत होतं, म्हणून सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका छापखान्यात डीटीपीचं काम मिळालं. श्री-लिपी, कोरलड्रॉ, कॅटलॉगमधले पत्रिकांचे नंबर, कागदाचे जीएसएम हे सगळं पटकन हाताला बसलं. बसेना ते नावाआधीचं. चि., चि. सौ. कां., श्री., सौ., श्रीमती, गं. भा., कु., कै., वै., ह. भ. प., पै., मा., आयु. अशी दोन-दोन अक्षरं, आणि त्यांतलं एक जरी इकडचं तिकडं झालं तरी पाचशे पत्रिका परत येऊ शकतात, असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. मालकांना सगळं गाव अण्णा म्हणतं, मीही अण्णाच म्हणते.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे गर्दी सुरू होते. मजकूर वहीच्या पानावर लिहून आणणारे आता थोडे. बहुतेक जण भावकीतल्या कुणाच्या तरी जुन्या पत्रिकेचा फोटो मोबाइलवर दाखवतात आणि म्हणतात, "अशीच करा, फक्त नावं बदला." पण नावं बदलली की नावाआधीचंही बदलतं. जुन्या पत्रिकेतल्या काकांच्या जागी आता ज्यांचं नाव घालायचं, ते हयात आहेत का? काकूंच्या नावाआधीचं सौ. तसंच ठेवायचं का? हे विचारायचं काम माझं. समोर उभ्या माणसाला, कार्याच्या गडबडीत, "तुमच्या आत्याचे यजमान आहेत ना?" असं विचारायला जीभ रेटत नाही. सुरुवातीला मी अण्णांकडे बघायची. अण्णा म्हणायचे, "विचार. न विचारता छापणं वाईट."

काही गोंधळ निव्वळ अक्षरांचे होते. "मा." म्हणजे माननीय आणि "मा." म्हणजे माजीही. "मा. सरपंच" असं लिहून आलं की ते आत्ताचे सरपंच आहेत की मागच्या खेपेचे, हे त्या गावच्या माणसालाच ठाऊक. अण्णांचा नियम असा की माजी असेल तर पूर्ण शब्द लिहायचा. "पै." हे आमच्या सांगली-कोल्हापूर भागात पैलवान. मुसलमान घरच्या पत्रिकेत मात्र पै. म्हणजे पैगंबरवासी, वारलेले. आणि आमच्याकडे तालमीत नाव कमावलेले मुसलमान पैलवान काही कमी नाहीत. म्हणून तिथेही पूर्ण शब्द. वारकऱ्यांच्या घरात वारलेल्या आजोबांना कै. लिहिलेलं चालत नाही, वै. लागतं, वैकुंठवासी. लिंगायत घरात लिंगैक्य. माणूस गेल्यावर कुठे गेला, हेही पत्रिकेत प्रत्येक घर आपापल्या श्रद्धेनं सांगतं. हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा या दोन अक्षरांबद्दल आदर वाटला. हा नुसता शिष्टाचार नव्हता.

छापखान्यात फ्लेक्सची कामंही येतात. तिथली पदं निराळीच. आमदार, खासदार, नामदार, युवा नेते, कार्यसम्राट. यांतल्या "नामदार"चं मूळ अण्णांनी सांगितलं. इंग्रजांच्या काळात कायदेमंडळाच्या सभासदांच्या नावाआधी ते लागायचं, म्हणून गोपाळ कृष्ण गोखले नामदार गोखले झाले. आता मंत्र्यांना लावतात. इंग्रज गेले तसं रावबहादूर वगैरेही गेलं, कारण संविधानाच्या १८व्या कलमाने सैनिकी आणि विद्याविषयक बहुमान सोडून किताब देणं सरकारला बंद केलं. पद्म पुरस्कारांबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की ते नावाच्या मागेपुढे किताबासारखे लावायचे नाहीत. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जी राष्ट्रपती असताना राष्ट्रपतिभवनाने "महामहिम" सोडायचं ठरवलं. एवढ्या वरच्या पातळीवर कमी करायचं चाललेलं असताना आमच्या फ्लेक्सवर मात्र दरवर्षी भरच पडते. पण त्या सगळ्याचं मला फार काही वाटलं नाही. ते ज्यांना हवं असतं ते मागून घेतात, पैसे मोजतात, आणि निवडणूक झाली की बदलतात. माझा जीव अडकला तो लग्नपत्रिकेत.

अण्णांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळच्या नमुन्यांची एक जाड फाइल आहे. खिळे जुळवून ट्रेडलवर छापलेल्या पत्रिका. त्यांत पुरुषांना रा. रा., म्हणजे राजमान्य राजश्री. भटजींना वे. शा. सं. काम नसलं की मी ती फाइल चाळत बसायची. त्यांतल्या कितीतरी पत्रिकांत आईचं नावच नाही. मुलगा वडिलांचा, मुलगी वडिलांची, बोलावणारे वडील किंवा चुलते. सौ. लिहायची वेळच आलेली नाही, कारण बाईच नाही. त्या मानानं आजची पत्रिका पुढे आलेली आहे. "श्री. व सौ." आता सगळेच लिहितात.

श्री. या अक्षराचं मोल मला एका म्हाताऱ्या बाबांमुळे कळलं. आयुष्यभर एका वस्तीवर सालगडी होते. नातीच्या लग्नाची पत्रिका करायला नातीबरोबरच आले होते. मी नाव विचारलं तर त्यांनी एकच शब्द सांगितला, तोही सगळा गाव हाक मारतो तसा, तोडून. मी पूर्ण नाव विचारलं. ते म्हणाले, "आमाला कशाला पूर्ण? लोक असंच वळखत्यात." नात पुढे आली. तिनं आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव एकेक करून सांगितलं आणि म्हणाली, "आधी श्री. घाला. आणि अक्षर सगळ्यांत मोठं घ्या." प्रूफ काढून दिलं तेव्हा बाबांनी ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, श्री.सकट. त्यांनी परत वाचायला लावलं. सत्तरीच्या माणसाला अरे-तुरे करणारी पोरंटोरं मी आमच्या बाजारात रोज ऐकते. त्या माणसाला कागदावर तरी श्री. मिळालं, आणि ते नातीनं मागून घेतलं. म्हणून कुणी म्हणालं की ही सगळी उपपदं काढून टाका, माणूस नुसत्या नावानं मोठा असतो, तर मला ते पटत नाही. ज्यांना कधी मिळालंच नाही, त्यांनी आधी का सोडायचं?

पण श्री. आणि सौ. ही जोडी वाटते तशी बरोबरीची नाही. पुरुष लग्नाआधी श्री., लग्नानंतर श्री., बायको गेली तरी श्री., काडीमोड झाला तरी श्री. बाई लहानपणी कु., बोहल्यावर चढताना चि. सौ. कां., चढून उतरली की सौ., नवरा गेला की श्रीमती नाही तर गं. भा. तिच्या नावाआधीची जागा तिच्याबद्दल काही सांगतच नाही. तिचा नवरा ठरलाय का, आहे का, गेला का, एवढंच सांगते. मी रोज हेच टाइप करत होते तरी हे इतकं उघडं मला दुसऱ्याच एका बाईंमुळे दिसलं. मध्य प्रदेशातून बदलून आलेले एक बँक अधिकारी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. हिंदी पत्रिका तिकडेच छापून झाली होती, तीत "श्रीमती एवं श्री" असं होतं. इथल्या सहकाऱ्यांसाठी मराठीत करायची होती. हिंदीत नवरा असलेल्या बाईला श्रीमती लावतात. आमच्याकडच्या पत्रिकेत मात्र श्रीमती दिसलं की वाचणारा पहिल्यांदा तिचं कपाळ आठवतो. मी त्यांच्या पत्नीला हे समजावून सांगितलं आणि सौ. लिहू का विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पति जीवित हैं, यह भी लिखना पड़ता है?"

मला उत्तर देता आलं नाही. शेवटी श्रीमतीच ठेवलं, त्यांनीच सांगितलं तसं.

खरं तर सरकारी कागदावर हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. प्रतिभा पाटील राष्ट्रपती होत्या तेव्हा त्यांच्या नावाआधी श्रीमती लागायचं आणि त्यांचे पती देवीसिंह शेखावत त्या वेळी हयात होते. द्रौपदी मुर्मू यांच्या नावाआधीही श्रीमतीच लागतं. त्यांचे पती वारलेले आहेत. राष्ट्रपतिभवनाच्या कागदावर दोघींत काही फरक नाही. आमच्या पत्रिकेत आहे.

आणि आमच्याच गावात, आमच्याच छापखान्यात, असा फरक न करणाऱ्या पत्रिकाही छापल्या जातात. बौद्ध घरांतल्या. वर बुद्ध आणि बाबासाहेबांचं चित्र, शुभविवाहाऐवजी मंगल परिणय, पुरुषांना आयुष्मान आणि बायकांना आयुष्मती, दोन्हींचं आखूड रूप आयु. वारलेल्यांना कालकथित. मी पहिली अशी पत्रिका टाइप केली तेव्हा सवयीनं नवरदेवाच्या आजीबद्दल विचारायला तोंड उघडलं, तर विचारायला काही शिल्लकच नव्हतं. आजीला आयु., मामीला आयु., शिकवणाऱ्या मावशीला आयु. कोण सधवा, कोण विधवा, कुणाला सोडचिठ्ठी मिळाली, पत्रिकेवरून कळत नाही. कळायचं कारणही नाही. १९५६च्या धर्मांतरानंतर घडत गेलेली ही रीत. नावाआधीची जागा एका समाजानं ठरवून बदलली आणि लग्नं काही अडली नाहीत. बाकीच्यांना हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी हीच पत्रिका काढून दाखवते.

माघात एक वडील आणि मुलगी आले. मुलीचा पूर्वी काडीमोड झालेला, आता दुसरं लग्न ठरलं होतं. मुलाच्या नावाआधी चि. सहज बसलं. त्याचंही हे दुसरंच लग्न होतं, पण त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, कुणाला वाटलंही नाही. मुलीच्या नावापाशी वडील थांबले. चि. सौ. कां. लिहिलं तर भावकीत बोलतील, कु. लिहिता येत नाही, सौ. आत्ता नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, जणू छापखान्यात असं काही तरी अक्षर तयार असेल. अण्णांनी फाइल उघडली, मिटली. इतकी उपपदं, आणि त्या मुलीसाठी एकही नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, दोघांचीही नुसती नावं लिहा. खाली शिक्षण लिहा." तसंच केलं. दोन नावं, दोघांच्याही खाली बी.ई. सरळ आणि सुंदर दिसली पत्रिका. अजून तिची एक प्रत मी माझ्या खणात ठेवलेली आहे.

त्यानंतर काही दिवसांनी एक बाई त्यांच्या दिरांबरोबर आल्या. मुलाचं लग्न. मजकूर दिरांनीच लिहून आणला होता. निमंत्रक म्हणून दीर, नवरदेव "कै. अमुक यांचे चिरंजीव", आणि आईचं नाव खाली बायकांच्या यादीत, आधी गं. भा. दीर चांगले होते, आवाज न चढवता बोलणारे, वहिनींना मानानं बसायला खुर्ची देणारे. वाईट हेतूनं कुणी काही केलेलं नव्हतं. मजकूर असाच लिहायचा असतो म्हणून लिहिला होता. बाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत.

प्रूफ बघायला मात्र त्या एकट्या आल्या. चष्मा लावून सगळं वाचलं. नवरा गेला तेव्हा मुलगा तिसरीत होता, हे बोलता बोलता कळलं. अंगणवाडी सेविका होत्या, घरी दोन म्हशी. मुलाचं डिप्लोमापर्यंतचं शिक्षण त्यातनंच झालेलं. मला म्हणाल्या, "ताई, माझं नाव वर घेता येईल का? त्याच्या वडलांच्या शेजारी?" मी म्हटलं, येईल की. मग म्हणाल्या, "आन ते म्होरचं काढा." मी विचारलं, त्याऐवजी श्रीमती लिहू का? त्या म्हणाल्या, "काय बी नगं. अंगणवाडीच्या रजिस्टरात माजं नाव नुसतंच हाय. कुणाचं काय अडलं न्हाई."

अण्णांनी दिरांना फोन लावला. मला वाटलं आता वाद होणार. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, "वहिनी म्हणत्यात तसं करा." छापताना आईचं नाव आधी आलं, मग कै. वडिलांचं, मग "यांचे चिरंजीव". देवकाला दीर आणि जाऊच बसणार होते. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. तो छापखान्याचा विषय नव्हता. पण पत्रिका घेऊन त्या गेल्यावर मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

आमच्या शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं थांबवायचं असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठरावाच्या बातम्या मी वाचल्या होत्या. पण बांगड्या आणि कुंकू जसं पुसलं जातं, तसं कागदावर सौ. पुसून गं. भा. लिहिलं जातं, हे छापखान्यात बसल्याशिवाय माझ्या ध्यानात आलं नसतं. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, त्या वेळचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवा या शब्दाऐवजी गंगा भागीरथी, म्हणजे हेच गं. भा., म्हणावं असा प्रस्ताव तयार करायला आपल्या विभागाला सांगितलं. मान द्यायचाच हेतू असेल. पण राज्यभरातून विरोध झाला आणि निर्णय झालेला नाही, नुसती चर्चा आहे, असा खुलासा त्यांना करावा लागला. विरोध करणाऱ्या बायकांचं म्हणणं मला आता पुरतं समजतं. गंगेचं नाव दिलं तरी ती चिठ्ठी नवरा नसल्याचीच राहते.

तरी एक सांगायला हवं. त्याच हंगामात एक आजी आल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या नातवानं आजीच्या नावाआधी काहीच लिहून आणलं नव्हतं. आजींनी मला हळूच सांगितलं, "पोरी, गं. भा. टाक. माज्या सासूच्या नावाला हुतं." त्यांना त्यात काही कमी वाटत नव्हतं. सासूच्या पंगतीला बसल्यासारखा मान वाटत होता. नातू म्हणाला, आजी, आता कुणी लिहीत नाही. मी त्याला म्हटलं, आजींचं नाव आहे, आजी म्हणतील तसं. आणि गं. भा. टाइप केलं. मला स्वतःला ते अक्षर नको वाटतं तरी केलं. बाईंनी काढा म्हटल्यावर काढायचं आणि आजींनी टाक म्हटल्यावर वाद घालायचा, हे मला जमलं नसतं.

माझं स्वतःचं मत आता पक्कं झालंय. सौ., श्रीमती, गं. भा., कु. ही चारही अक्षरं पत्रिकेतून जावीत, आणि बाईला लावायचंच असेल तर सगळ्यांना एकच काही तरी लावावं, श्रीमती म्हणा, आयुष्मती म्हणा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव अशा क्रमानं लिहायचं, असा निर्णय राज्य सरकारनं घेतलाच आहे. ही मुलं लग्नाला येतील तेव्हा त्यांच्या पत्रिकेत आईचं नाव कुठल्या यादीत खाली घालायचं, हा प्रश्न उरू नये असं मला मनापासून वाटतं. पण ते व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत अण्णांना सांगून आमच्या ऑर्डरच्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवून घेतली आहे. प्रत्येक बाईच्या नावासमोर एक कोरी जागा, "नावाआधी काय लिहायचं, त्यांना विचारून भरा". काही जण वैतागतात, म्हणतात, लिहा की नेहमीचं. बरेच जण मात्र फॉर्म घरी घेऊन जातात आणि भरून आणतात. कोऱ्या ठेवलेल्या जागाही त्यांत असतात, मुद्दाम कोऱ्या ठेवलेल्या.

तुमच्या घरी यंदा कार्य असेल तर एवढं करा. मजकूर छापखान्यात देण्याआधी तो आईला, आजीला, आत्याला, वहिनीला वाचून दाखवा, आणि त्यांच्या नावाआधी काय हवं ते त्यांच्याच तोंडून ऐका. गर्दीत राहून गेलं तर निदान प्रूफ घरी नेऊन दाखवा. प्रूफवरच्या दुरुस्तीचे आम्ही पैसे घेत नाही.